सकाळच्या हजेरीतून गाळलेलं नाव

गेल्या रविवारी व्हिडिओवर बोलताना माझ्या मागच्या भिंतीवरचा पिवळा अँटेना तुम्हाला दिसला आणि तुम्ही विचारलंत, "आजी, ते माशाचं हाडूक कसलं?" आजोबांनी मग तुम्हाला त्याच्या गमती सांगितल्या. तुम्ही हसलात, मीही हसले. पण त्या अँटेनाची शेवटची हकीकत त्यांनी सांगितली नाही, कारण ती माझी आहे आणि तीत हसण्यासारखं फारसं नाही. तो अँटेना हातात धरून मी एका माणसाला शोधलं आणि तो कोण हे न बघता त्याला गप्प केलं. त्या माणसाची वाचा आधीच गेलेली होती. आपण अजून आहोत, एवढं चार लोकांना कळवायला त्याच्याकडे वायरलेसच्या माइकवरचं एक बटण उरलं होतं. माझ्यामुळे तेही सुटलं.

तुम्ही दोघं आता एवढे मोठे झाला आहात की हे सांगायला हरकत नाही. शिवाय तुम्ही जे काही शोधता, त्याची नीट टिपणं ठेवता, असं तुमची आई कौतुकाने सांगते. तो गुण माझ्याकडूनच आला असणार, म्हणून मुद्दाम लिहिते.

आम्ही दोघं हौशी रेडिओवाले. सरकारी परीक्षा दिली की परवाना मिळतो आणि घरच्या सेटवरून दुसऱ्या परवानेवाल्यांशी बोलता येतं. प्रत्येकाला अक्षरं आणि आकडे मिळून एक कॉलसाइन असते. बटण दाबलं की सगळ्यात आधी ती सांगायची, हा पहिला नियम. मोबाइलच्या दिवसांत हे तुम्हाला पोरखेळ वाटेल, पण नाशिक जिल्ह्यातले आम्ही पंचवीस-तीस जण अजून रोज सकाळी सातला हवेवर जमतो. डोंगरावर आमचं एक यंत्र आहे. ते आमचे क्षीण आवाज ऐकतं आणि त्याच क्षणी मोठे करून जिल्हाभर फेकतं. हजेरी मी घेते. परवाना मिळालेल्या क्रमाने नावं वहीत लिहिलेली आहेत. मी नाव पुकारायचं, त्या माणसाने हजर म्हणायचं, पाऊसपाणी आणि तब्येत सांगायची, की पुढचं नाव. दहा मिनिटांचं काम, पण कितीतरी जणांचा दिवस त्यावर सुरू होतो. ओझरचे एक निवृत्त इंजिनियर आहेत, ते तर हजेरी झाल्याशिवाय दाढी करत नाहीत.

या हजेरीचा एक नियम मी केलेला आहे. सलग तीस दिवस जो आला नाही, त्याचं नाव यादीतून काढायचं. तो परत आला की परत घालायचं. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही, मलाही नाही.

यादीत ओझरच्या इंजिनियरांनंतर दिंडोरीच्या एका गृहस्थांचं नाव होतं. त्यांना सगळे नाना म्हणायचे. टेलिफोन खात्यात नोकरी झाली, मग गावी द्राक्षबाग सांभाळली. माणूस नियमाचा पक्का. नवीन पोरं कॉलसाइन न सांगता बोलायला लागली की नाना मध्ये पडायचे, "आधी नाव सांग बाबा, मग रामायण."

तो अँटेना आजोबांनी नानांच्याच सांगण्यावरून केला. भद्रकालीतल्या हार्डवेअरच्या दुकानातून मापाची पोलादी टेप आणली, तिचे तीन तुकडे केले आणि पाइपवर आडवे बसवले. टेप असल्यामुळे दारात अडकली तरी वाकते आणि परत सरळ होते. हा अँटेना ज्या दिशेला रोखाल, तिकडचं जास्त ऐकतो. त्यावर आमचा एक खेळ चालायचा. एकाने रविवारी कुठेतरी छोटा ट्रान्समीटर लपवायचा, त्याला कोल्हा म्हणायचं, आणि बाकीच्यांनी अँटेना फिरवत तो शोधायचा. सापडला की लपवणाऱ्याबरोबर बसून चहा प्यायचा, असा रिवाज होता. नाना लपवण्यात बिलंदर. एकदा आम्ही सगळे त्यांच्या बागेत दीड तास नुसते गोल फिरलो. दिशा दर पाच मिनिटांनी बदलायची. शेवटी कळलं की कोल्हा ट्रॅक्टरच्या हत्यारांच्या पेटीत आहे आणि नानांचा भाऊ तो ट्रॅक्टर घेऊन फवारणी करतो आहे.

"नाना, ही लबाडी झाली," मी म्हटलं.

"वहिनी, कोल्हा एका जागी बसतो असं कुठल्या पुस्तकात वाचलं तुम्ही? इंग्रजी असेल."

शोधायचं कसं, हे मला त्यांनीच शिकवलं. अगदी जवळ गेलं की सिग्नल इतका जोरात येतो की अँटेना कुठेही वळवा, सेटवरचा काटा पूर्णच दाखवतो. तेव्हा अँटेना काढून टाकायचा, हातातला सेट छातीशी धरायचा आणि स्वतःभोवती सावकाश फिरायचं. आपलं शरीर मध्ये येतं तिथे आवाज पडतो. "आवाज पडला की समजायचं, तो तुमच्या पाठीशी आहे," नाना म्हणायचे. "चोराकडे पाठ केल्याशिवाय चोर सापडत नाही, वहिनी."

काही वर्षांपूर्वी ऑक्टोबरच्या छाटणीच्या सुमाराला नाना हजेरीला यायचे बंद झाले. मला वाटलं, बागेची गडबड असेल. पंधराएक दिवसांनी मी फोन केला, तो मुलाने उचलला. "नाना झोपलेत, काकू. जरा बरं नव्हतं. आता ठीक हाये." मी म्हटलं, फोन येऊन गेला म्हणून सांग. काय झालं होतं, ते मी विचारलं नाही. दारात कोणीतरी होतं की गॅसवर दूध होतं, आता आठवत नाही. एकतिसाव्या दिवशी मी पट्टी घेऊन त्यांच्या नावावर रेघ मारली आणि ओझरनंतर घोटीच्या भातगिरणीवाल्यांचं नाव लावलं.

थंडी संपता संपता हजेरीत एक विघ्न सुरू झालं. ओझरचे बोलून थांबले की कोणीतरी बटण दाबायचं आणि काहीच बोलायचं नाही. दहा-पंधरा सेकंद नुसतं रिकामं दाबलेलं बटण. तुम्हाला कसं सांगू, फोन उचलून कुणी बोललंच नाही तर जशी शांतता ऐकू येते, तशी. त्याच वेळी घोटीवाले हजर म्हणायला जायचे आणि दोघांचं मिळून नुसतं घुरघुरणं ऐकू यायचं. कधी ते बटण लगेच दुसऱ्यांदा दाबलं जायचं. बाकी कुणाच्या वेळेला नाही, रोज ओझरनंतरच.

"मॅडम, हा बोकड माझ्याच ताटात का तोंड घालतो?" घोटीवाले म्हणाले.

मालेगावचे एक जण होते, त्यांनी टोमणा मारला, "गिरणीत तांदळाची कणी जास्त निघत असंल, भाऊ. गिऱ्हाइकाचा तळतळाट हाय तो."

"माझ्या गिऱ्हाइकाकडं वायरलेस असता तर मी गिरणी चालवली असती का?"

हसण्यावारी गेलं, पण पंधरा दिवस झाल्यावर कुणी हसेना. सगळ्यांचं ठरलं की घोटीवाल्यांचा कुणी वैरी आहे. मीही तेच धरून चालले. वहीत मी रोजची वेळ लिहीत होते, सात वाजून चार, सात वाजून पाच, पुन्हा चार. तो दाब हजेरीत बरोबर कुठे येतो ते माझ्या अक्षरात माझ्यासमोर होतं. यादीत तिथे पूर्वी कोण होतं, हे बघायला मागचं पान उलटायचं होतं फक्त. रेघ मारलेलं नाव रेघेखालून स्पष्ट वाचता येतं.

मी शोध घ्यायचं ठरवलं. डोंगरावरच्या यंत्राचा आवाज ऐकून उपयोग नसतो, तो डोंगराचीच दिशा दाखवतो. मुळातला माणूस ज्या लहरीवर बोलतो ती ऐकावी लागते, आणि ती जवळ गेल्याशिवाय लागत नाही. शिवाय बटण दिवसातून त्या एकाच वेळेला दाबलं जायचं. म्हणजे एका सकाळी एकच दिशा. आम्ही साडेसहाला गाडी काढायचो. आजोबा गाडीतल्या सेटवरून माझ्याऐवजी हजेरी घ्यायचे आणि मी बाहेर उभी राहून अँटेना धरायची. ओझरचे बोलायला लागले की माझा हात आपोआप ताठ व्हायचा. मग तो रिकामा दाब आला की डावीकडून उजवीकडे फिरवायचं, कुठे जास्त भरतं ते बघायचं, होकायंत्रावरचा आकडा लिहायचा आणि घरी येऊन नकाशावर पेन्सिलीने रेघ ओढायची. पहिल्या दिवशी गंगापूर रोडवर, मग मुंबई नाक्याजवळ, मग सातपूरला. फिरायला आलेले लोक थांबून बघायचे. एका बाईंनी विचारलं, "आजी, बिबट्या सुटलाय का?"

तिसऱ्या सकाळची रेघ सरळ पांडवलेण्याच्या डोंगरात घुसली.

"लेण्यात कोण बसलंय आता?" आजोबा म्हणाले. "भिक्षूंना परवाना कुणी दिला?"

सिग्नल डोंगरावर आपटून परत येत होता, म्हणून ती रेघ मी खोडली. पुढच्या रेघा नीट जुळल्या. पाथर्डी फाट्याच्या पुढे एक लहानसा त्रिकोण झाला, त्यात तीन-चार नव्या इमारती. खरं सांगते, मला त्या दिवसांत मजा येत होती. गुडघे दुखत नव्हते, झोप चांगली लागत होती. नवव्या सकाळी आम्ही त्या इमारतींमधल्या रस्त्यावर होतो. दाब आला तेव्हा काटा सगळीकडे पूर्ण भरला. मी अँटेना झटकन काढला, सेट छातीशी धरला आणि फिरले. आवाज पडला तेव्हा माझं तोंड रस्त्याकडे होतं आणि पाठीशी चार मजली इमारत. मान वळवून वर पाहिलं तर दुसऱ्या मजल्याच्या खिडकीच्या गजांना एक साधा अँटेना तारेने बांधलेला होता.

आजोबा म्हणाले, "चल, वर जाऊन बेल वाजवू. सापडल्यावर चहा प्यायचा असतो."

"हा काय खेळ आहे का? ओळख निघाली की भीड पडते. मी पत्र आणलंय."

"ओळख निघाली तर चांगलंच नाही का?"

मी ऐकलं नाही. पत्र मी आधीच टाइप करून ठेवलं होतं, इंग्रजीत, कारण असली पत्रं मला इंग्रजीतच सुचतात. शाळेत नन्सनी तसंच शिकवलं होतं, तक्रार करताना आवाज चढवायचा नाही, भाषा चढवायची. मजकूर असा, की आपल्या विनापरवाना आणि हेतुपुरस्सर प्रक्षेपणामुळे परवानाधारकांना अडथळा होत आहे, तो तात्काळ थांबवावा, अन्यथा संबंधित खात्याकडे तक्रार केली जाईल. खाली माझी सही आणि कॉलसाइन.

जिन्यावरून एक तरुण बाई दुधाच्या पिशव्या घ्यायला खाली येत होती. मी तिला विचारलं, "ती वायर बांधलेली खिडकी कुणाची?"

"आमचीच हाय. का हो?"

"हे पत्र घरातल्या मोठ्या माणसाला द्या."

तिने पाकीट उलटंसुलटं केलं. "इंग्रजीत हाय. कशाबद्दल हाय पण?"

"त्यात सगळं लिहिलंय," मी म्हटलं आणि गाडीत बसले.

दुसऱ्या दिवशी ओझरनंतर घोटीवाले स्वच्छ ऐकू आले. त्यानंतर रोजच. सगळ्यांनी हवेवर माझं अभिनंदन केलं. घोटीवाल्यांनी घरच्या इंद्रायणीची पाच किलोची पिशवी पाठवली आणि मी तिचा भात करून जेवले.

तीन आठवड्यांनी दारात एक माणूस उभा होता, हातात खोकं. नानांचा मुलगा. त्याला मी लहानपणी बागेत पाहिलेलं, आता कानशिलं पांढरी. आत येऊन बसला, पाणी प्याला आणि खोकं माझ्या पायांशी सरकवलं. आत नानांचा सेट होता, वायरी नीट गुंडाळून रबरबँड लावलेला.

"काकू, हे तुमच्याकडंच ठेवा. केस वगैरे नाही ना होणार? बायको घाबरलीये."

मला काही कळेना. मग त्याने खिशातून माझं पत्र काढलं.

नानांना छाटणीच्या दिवसांतच पक्षाघाताचा झटका आला होता. उजवा हात अर्धा सावरला, बोलणं गेलं ते गेलंच. दवाखान्याला जवळ पडतं म्हणून मुलाने त्यांना नाशिकला आपल्या घरी आणलं. ते गावाकडच्या सेटसाठी सारखे खुणा करायचे, म्हणून त्याने तो आणून खिडकीपाशी लावून दिला. "सातला लावायचे, तुमचा आवाज आला की सरळ होऊन बसायचे. ओझरचे काका थांबले की बटण दाबायचे. आम्हाला वाटायचं, तुम्हाला माहितीये. आम्ही म्हणायचो, नानांची हजेरी लागली, आता चहा टाका."

"पत्र तू वाचलंस कधी?" आजोबांनी विचारलं.

"काल. उशीखाली सापडलं. हिने ते नानांनाच दिलं होतं ना. तुम्हीच सांगितलं म्हणे, घरातल्या मोठ्या माणसाला द्या. घरात मोठे तेच."

"त्यांना अजून वाचता येतं?"

"किती कळतं ते देवाला ठाऊक. पण खालची सही ओळखली त्यांनी. तुमच्या कॉलसाइनवर बोट ठेवून दाखवलं हिला. आणि मग स्वतः उठून डाव्या हाताने वायर काढली."

चाळीस वर्षांचा परवाना असलेल्या माणसाला मी विनापरवाना म्हटलं होतं. तो एक शब्द सोडला तर पत्रातलं काहीच चूक नव्हतं, आणि हेच मला जास्त लागतं. बटण दाबून नाव सांगितलं नाही तर तो नियमभंगच. नाना स्वतः ते शिकवायचे. माझ्या पत्रातून त्यांना जेवढं कळलं असेल, तेवढं त्यांना पटलंच असणार.

त्याच दिवशी आम्ही खोकं घेऊन त्यांच्याकडे गेलो. नाना खुर्चीत बसलेले, अंगात स्वेटर, चेहऱ्याची एक बाजू उतरलेली. मला पाहून दुसऱ्या बाजूने हसले. मी त्यांच्यासमोर बसले आणि जे बोलायचं ते बोलले. नाव मी काढलं, पत्र मी लिहिलं, वर यायला हवं होतं, आले नाही, मला क्षमा करा.

"बरं," नाना म्हणाले. "बरं, बरं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सुनेने चहा ठेवता ठेवता सांगितलं, "आता तेवढाच एक शब्द येतो त्यांना. पाणी पाहिजे असलं तरी बरं, पाय दुखला तरी बरं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका." म्हणजे त्यांनी क्षमा केली की नाही, हेही मला कधी कळणार नव्हतं.

आजोबांनी सेट परत लावला. त्यांना वाटलं, तोंडाने नाही तर मोर्सने, म्हणजे टिंब-रेघांच्या टकटकीने, नाव सांगता येईल. आमच्या पिढीने परीक्षेला मोर्स दिलेला आहे. पुढच्या खेपेला ते मोर्स वाजवायची जुनी पट्टी, तिला 'की' म्हणतात, ती घेऊन गेले आणि नानांच्या डाव्या हाताखाली ठेवली. नानांनी पहिलं अक्षर स्वच्छ वाजवलं. दुसऱ्याला अडखळले, परत पहिल्यापासून सुरू केलं, परत तिथेच अडकले. चार वेळा झालं. मग त्यांनी ती पट्टी हळूच आजोबांकडे सरकवली, पाहुण्याला ताट सरकवावं तशी. मी म्हटलं, सूनबाई नाव सांगेल, तुम्ही फक्त दाबा, नियमात बसतं ते. सून म्हणाली, "मी शिकते की. त्यात काय." नाना बरं म्हणाले आणि बटणाला हात लावला नाही.

नाव मी यादीत त्यांच्या जागी घातलं. रोज ओझरनंतर ते पुकारते आणि पंधरापर्यंत मोजते. हवेवर काही येत नाही. घोटीवाले आता घाई करत नाहीत. परवा एक नवीन मुलगा त्या वेळात बोलायला लागला तर ते त्याच्यावर खेकसले, "थांब रे, नानांची वेळ चालू हाय." नानांचा मुलगा सांगतो, नाना रोज स्वतः सेट लावतात, सगळं ऐकतात, स्वतःचं नाव आलं की माइककडे बघतात, हात मांडीवरच असतो.

मागच्या गुरुवारी मी मुद्दाम सातच्या आधी त्यांच्याकडे जाऊन बसले. हजेरी घरून आजोबा घेत होते. ओझरच्यांनी थंडीची तक्रार केली आणि थांबले. आजोबांनी नानांचं नाव पुकारलं. नानांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "दाबा, नाना. सगळे वाट बघताहेत." त्यांनी माइक उचलला. क्षणभर मला वाटलं, आता दाबणार. त्यांनी तो माझ्या हातात दिला.

मग मी बटण दाबलं. त्यांची कॉलसाइन सांगितली, मी त्यांच्याजवळ बसले आहे, नाना हजर आहेत, असं म्हटलं. लगेच सगळे बोलायला लागले. घोटीवाल्यांनी राम राम घातला, मालेगावच्यांनी "नाना, यंदा द्राक्षं कधी?" म्हणून विचारलं, एकावर एक आवाज आले आणि त्यातले निम्मे घुरघुरण्यात गेले. नाना ऐकत होते, मान हलवत होते. सुनेने चहा टाकला. घरी आल्यावर आजोबा म्हणाले, "लागली की नाही शेवटी हजेरी?"

लागली, पण माझ्या आवाजात. त्यांनी स्वतः दाबलेलं बटण मी इतक्या सकाळी ऐकलं होतं. त्यातल्या नऊ सकाळी तर रस्त्यात उभी राहून, मन लावून ऐकलं, आणि दर वेळी तो दाब कुठल्या दिशेने येतो, एवढंच लिहून घेतलं.